मधोमध तारपा

सालवडच्या एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर सपनाचं घर होतं आणि घरात हॉल एकच. त्या हॉलवर हक्क सांगणारे मात्र तिघे होते. एक तिची सासू रखमाबाई. दुसरं रखमाबाईंचं शोकेस, जे बीडहून टेम्पोत बसून आलं आणि समोरच्या भिंतीला टेकून जे उभं राहिलं ते पुन्हा हललं नाही. तिसरे म्हणजे महिन्याभरापूर्वी आलेले दोन स्पीकर. सपनाच्या नवऱ्याला, धीरजला, हक्कबिक्क काही नव्हता. तो केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. शिफ्ट करून यायचा आणि ज्या कोपऱ्यात भांडण नसेल तिथं बसून जेवायचा.

स्पीकर कुठं ठेवायचे हे रखमाबाईंना कुणी सांगावं लागलं नव्हतं. शोकेसवर, टीव्हीच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक, वर क्रोशाचे रुमाल, रुमालांवर प्लास्टिकची फुलं. आले त्याच दिवशी त्यांनी ते तसे बसवूनही टाकले. संध्याकाळी सपना कामावरून आली, पर्स ठेवली, फुलं बाजूला केली आणि दोन्ही स्पीकर खाली उतरवले. मग पर्समधून मोजायची टेप काढली.

“हे काय करू लागलीस गं?”

“मांडतेय.”

“भर घरात डबे मांडतंय का कुणी? माणसानं चालायचं कुठून?”

“कडेनं चालायचं, आत्याबाई.”

सपना तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायची. काटा अर्ध्या रेघेनं खोटं बोलला तरी तो गेज परत पाठवायचा, हे तिचं काम, आणि घरी आल्यावरही ते तिच्या अंगातून जायचं नाही. स्पीकर तिला सेक्शनच्या साहेबांनी दिले होते. बदली होऊन केरळात निघाले तेव्हा सामान कमी करताना म्हणाले, तू घे, पण भिंतीला चिकटवून ठेवणार असशील तर नको घेऊस. आणि एका कागदावर त्रिकोण काढून दिला. दोन टोकांना दोन स्पीकर, तिसऱ्या टोकाला ऐकणारं माणूस, तिन्ही बाजू सारख्या. मागची भिंत निदान दोन फूट लांब. स्पीकरची तोंडं जराशी आत वळवलेली. स्पीकरवरचा लहान गोल, ज्यातून बारीक आवाज निघतो, तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या बरोबरीत. बाजूची भिंत उघडी असेल तर तिच्यावर जाडसर काहीतरी टांगायचं, नाहीतर ती आवाज परत फेकते. एवढं केलंस, साहेब म्हणाले, की आवाज डब्यांतून येणार नाही, त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून येईल.

सपनाला ही साहेबी थाप वाटली. तरीही रखमाबाई बाजारात गेल्या होत्या त्या रविवारी तिनं त्रिकोण टेपनं मोजून मांडला, सोफ्यावर मधोमध बसली आणि एक जुनं गाणं लावलं. गाणारी बाई हॉलच्या मधोमध उभी राहिली. सपना उठली, एकेका स्पीकरला कान लावून आली, परत बसली. बाई तिथंच होती.

मग तिला एक जुनी गोष्ट आठवली. अकरा वर्षांपूर्वी मुंबईच्या कॉलेजातली एक मुलगी अभ्यासासाठी तिच्या पाड्यावर आली होती, मनोरच्या पुढं, टेकडीच्या पायथ्याला. तिनं सपनाच्या घराच्या ओट्यावर दोन माइकचं एक लहानसं यंत्र ठेवून समोरच्या खळ्यातला, तिच्या बापानं फुंकलेल्या तारप्यावरचा नाच रेकॉर्ड केला होता आणि पुढं पेनड्राइव्हवर पाठवूनही दिला होता. फोनवर वाजवला की नुसता भुणभुणाट ऐकू यायचा, म्हणून तो तसाच पडून होता.

त्या दिवशी तो तिनं स्पीकरवर लावला. तारपा हॉलच्या मधोमध उभा राहिला, शोकेसच्याही थोडा मागं. त्याच्याभोवती पावलं फिरू लागली. रांग लांबून आली, तिच्या अगदी पुढ्यातून गेली, पुन्हा तारप्याच्या मागं गेली. आणि सगळी रांग निघून गेल्यावर शेवटी एकटं एक पाऊल आलं, एक पाय जड आणि एक हलका. विळा लागून अधू झालेल्या पायाची, रांगेच्या शेपटाला नाचणारी ती सपनाची आई होती, कमळी. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती कुठून आली, कुठं गेली, याकडं सपनाचं लक्षच राहिलं नाही. ती ढसाढसा रडली, आणि रडून झाल्यावर तिनं ठरवलं, हे बाला ऐकवायचं, आणि लवकर ऐकवायचं.

लवकर अशासाठी की तिचा बा, जिवल्या, तारपा देऊन टाकायला निघाला होता.

जिवल्या चाळीस वर्षं पाड्यावर तारपा वाजवत आलेला. भात झोडपून झालं की खळं सारवायचं आणि नाच लागायचा. तारपेवाला मध्ये, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेली रांग. तो वाजवेल तशी रांग चालते, त्यानं सूर पालटला की रांग उलटी वळते. कोणत्या सुराला कुठं वळायचं हे नाचणाऱ्यानं ओळखायचं. आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही, एवढं पाळायचं. गेल्या वर्षी जिवल्यानं सूर पालटला आणि रांग भलतीकडंच वळली. पुढची पोरं एका बाजूला, मागची दुसऱ्या, दोघंतिघं आपटली. जिवल्या गडबडला. पोरं जिकडं निघाली होती तिकडचा सूर त्यानं घाईघाईनं धरला, तोवर पोरं उलट वळली होती, आणि मग सगळाच राडा झाला. एक पोरगा हसत म्हणाला, “आज्याला आता आयकू येत नाय. सूर चुकतोय त्याचा.”

जिवल्यानं वाद घातला नाही. कान वाजतात हे खरंच होतं. त्यानं तारपा आढ्याला टांगला आणि पुन्हा काढला नाही. यंदा पोरांनी नाचाला डीजे सांगितला होता. तेवढ्यात धीरजच्या ओळखीतला प्रफुल्ल मधे आला. तो केळव्याच्या अंगाला एका रिसॉर्टवर मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. त्याला रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर टांगायला खराखुरा, वाजवलेला तारपा हवा होता. धीरज सहज बोलून गेला, प्रफुल्लनं विचारलं, आणि जिवल्या म्हणाला, घेऊन जा. पाड्याच्या खडबडीत रस्त्याला प्रफुल्लची गाडी खाली टेकते, म्हणून तारपा रविवारी सालवडला सपनाच्या घरी आणून द्यायचा ठरला.

सपनाला हे साफ नामंजूर होतं. चाळीस वर्षांत न चुकलेला माणूस एका वर्षात कसा चुकेल? पण नामंजूर असणं म्हणजे पुरावा नाही, हे गेज तपासणाऱ्या बाईला कळत होतं. तिच्याकडं पुरावा नव्हता. तिच्याकडं एक रेकॉर्डिंग होतं आणि एक त्रिकोण. बानं एकदा स्वतःला ऐकलं तर तो तारपा देणार नाही, एवढीच तिची आशा होती.

“रविवारी हॉल मला लागेल,” तिनं सासूला सांगितलं. “आणि त्या उघड्या भिंतीवर टांगायला तुमची जाड गोधडी द्या.”

“माझ्या मायच्या हातची गोधडी भिंतीला टांगू?”

“दोन तास.”

“दोन मिन्टं बी नाही. आन् ते डबे शोकेसवर ठेव आधी. लोक येणार घरी.”

शनिवारी सपना कामावर असताना रखमाबाईंनी स्पीकर पुसून, रुमाल-फुलांसकट पुन्हा शोकेसवर चढवले. सपनानं संध्याकाळी ते उतरवले. रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली तेवढ्यात ते पुन्हा चढले. सपनानं पुन्हा उतरवले, आणि आता फुलं तिनं सरळ वॉशिंग मशीनच्या मागं टाकली. जमिनीवर त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना खडूनं खुणा केल्या. भांडण तोंडानं एका शब्दाचंही झालं नाही, पण धीरज त्या दिवशी नाश्ता जिन्यात उभा राहून खाऊन आला.

दहाच्या सुमारास जिवल्या आला. एसटीनं बोईसरला उतरून रिक्षानं आला होता. तारपा कमळीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरलेला. दुधी, बांबू आणि ताडाच्या पानांचं ते लांब वाद्य रिक्षात मावलं नव्हतं, त्याचं तोंड बाहेर राहिलं होतं, आणि वाटभर लोक बघत होते.

“बस बा, इथं,” सपनानं सोफ्याची मधली जागा दाखवली. त्रिकोणाचं तिसरं टोक. कानाची उंची तिनं स्वतः बसून मोजली होती आणि स्पीकर त्या मापानं दोन स्टुलांवर ठेवले होते.

जिवल्या दाराजवळच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला. लेकीच्या घरी तो सोफ्यावर कधीच बसला नव्हता. तारपा त्यानं शेजारी भिंतीला उभा केला.

“बा, सोफ्यावर.”

“इथंच बरा हाय.”

सपनाला मनधरणी करायला वेळ नव्हता. तिनं रेकॉर्डिंग लावलं. दाराजवळ जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून आवाज गेला आणि उघड्या भिंतीवर आपटून आला. जवळच्या एका स्पीकरमधून तारपा करवादत होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. जिवल्यानं थोडा वेळ ऐकलं, मान हलवली आणि कानाला हात लावला.

“नाय समजत. गलका हाय नुसता. ती पोरं खरं बोलली, सपना. कान गेलं माझं.”

बाला पटवायला मांडलेल्या गोष्टीनं पोरांचंच म्हणणं त्याच्या पदरात टाकलं होतं. चूक कुणाची होती हे तिला लगेच कळलं. तिनं सोफ्यावर बसणाऱ्या माणसासाठी घर मांडलं होतं. तिच्या पाड्यावर सोफे नव्हते आणि तिच्या बानं आयुष्यात जे ऐकलं ते उभं राहून नाहीतर जमिनीवर बसून.

“धीरज,” ती म्हणाली, “सोफा बाहेर काढ.”

“कुठं बाहेर?”

“बाहेर म्हणजे बाहेर. पॅसेजमध्ये.”

प्रफुल्ल आला तेव्हा सोफा दारात अडकला होता. तो बिचारा हातातला मिठाईचा बॉक्स घेऊन जिन्यावरच थांबला. सोफा निघाला. मग सपनानं दोन्ही स्पीकरच्या वायरी सोडवल्या, ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवले, स्टुलं हटवली, त्यांच्या जागी दोन पाट आणि वर दोन-दोन विटा मांडल्या. धीरजनं स्पीकर आणून ठेवले आणि वायरी जोडल्या. बॉयलरवरचा माणूस, वायरीच्या कामात त्याचा स्वतःवर भरवसा होता. “लाल लालला, काळी काळीला,” तो स्वतःशी म्हणाला.

आता हॉलच्या मधोमध एक पोतं अंथरलं. “बा, इथं बस. जमिनीवरच हाय.”

जिवल्या उठून पोत्यावर बसला. त्याच्या कानाच्या आणि स्पीकरच्या मापाला सपनानं टेप लावली. प्रफुल्ल दारापाशी भिंतीला टेकून हे सगळं हसऱ्या तोंडानं बघत होता.

रखमाबाई आतापर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. सून डबे उतरवते याचा राग त्यांच्या मनात होताच. पण “कान गेलं माझं” हे म्हणतानाचं व्याह्याचं तोंड त्यांनी बघितलं होतं. त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात आईची गोधडी होती, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ती उघड्या भिंतीवरच्या दोन खिळ्यांना अडकवली.

“ऐकायचंच हाय तर नीट ऐका इवाई,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सपनानं पुन्हा लावलं.

या वेळी जिवल्यानं मान हलवली नाही. आधी तो नुसता बसून होता. मग त्याचे गाल आपोआप फुगले, तारपा वाजवताना फुगतात तसे. डोळे मिटले. रांग त्याच्या पुढ्यातून गेली तसा त्यानं पाय आवरून घेतला. रखमाबाईंनी बघितलं आणि त्यांनीही आवरून घेतला. सगळी रांग गेली, आणि शेवटी ते एक जड, एक हलकं पाऊल आलं.

जिवल्यानं डोळे उघडले नाहीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

तेवढ्यात रेकॉर्डिंगमधल्या जिवल्यानं सूर पालटला. रांग वळली. जिवल्याच्या कपाळाला आठी पडली. रांग पुन्हा पुढ्यातून गेली, शेवटी पुन्हा ते पाऊल गेलं, आणि तो म्हणाला, “कमळी विहिरीकडं का चाललीय?”

सपनानं आवाज थांबवला. “काय म्हणालास बा?”

“आपल्या ओट्यावर बसलं की मोहाचं झाड डाव्या हाताला, विहीर उजव्या. ह्यो सूर लागला की रांग पुढ्यातून मोहाकडं जाते. ही विहिरीकडं चाललीय. उलटं हाय.”

मग प्रफुल्ल समजुतीच्या आवाजात म्हणाला, “बाबा, नाच झाला तसाच मशीननं पकडला असणार. मशीन कशी चुकेल? वयानं होतं असं कधीकधी.”

हेच तर पोरं म्हणाली होती. मशीन खरी आणि बा खोटा, असं ठरलं तर आता वाद संपला, आणि तो तिच्याच हॉलमध्ये, तिच्याच टेपनं मोजून संपला. तिनं बाकडं बघितलं. गेल्या वर्षी त्यानं मान खाली घातली होती. आज घातली नव्हती.

“उलटं हाय,” तो पुन्हा म्हणाला.

माणूस आणि यंत्र यांचं जुळत नसेल तर आधी वायर बघायची, ही सपनाची रोजची सवय. ती ॲम्प्लिफायरच्या मागं वाकली. डावीकडची म्हणून लिहिलेल्या भोकांतून निघालेली वायर तिनं बोटानं धरली आणि जमिनीवरून सोडवत सोडवत नेली. वायर गोधडीच्या भिंतीपाशी, उजव्या स्पीकरला जाऊन पोचली. धीरजनं लाल लालला लावली होती आणि काळी काळीला लावली होती, फक्त डावीकडची वायर उजव्या स्पीकरला लावली होती. सगळं खळंच त्यानं आरशात दाखवावं तसं पलटलं होतं, आणि ते पाच जणांत एकट्या जिवल्याला कळलं होतं.

“धीरज,” ती म्हणाली, आणि पुढं काही म्हणायची गरज पडली नाही. धीरज कान खाजवत उठला.

वायरी बदलल्या. सपनानं तिसऱ्यांदा लावलं. तारपा मधोमध उभा राहिला. सूर पालटला. रांग वळली, आणि पुढ्यातून, उजवीकडून डावीकडं गेली, विहिरीकडून मोहाकडं. शेवटी कमळी गेली.

“आता बराबर,” जिवल्या म्हणाला.

प्रफुल्लचा फोन वाजला. बुकिंगवाल्या कुणाचा तरी होता. फोन कानाला लावून तो बोलत बोलत हॉलच्या मध्यात आला, दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेत, खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

“बाजूला हो,” जिवल्या म्हणाला.

प्रफुल्लनं वळून बघितलं.

“बाजूला हो पोरा. तिथं मी उभा हाय.”

प्रफुल्लनं पायाखाली बघितलं, मागं बघितलं. फरशीवर काही नव्हतं. पण म्हाताऱ्याचा आवाज असा होता की तो फोन बंद करून भिंतीकडं सरला, आणि सरताना त्या रिकाम्या जागेला वळसा घालून सरला.

सपना बापासमोर येऊन बसली. जे विचारायचं होतं ते वर्षभर तिच्या ओठांवर होतं. “बा, गेल्या वर्षी रांग फुटली तवा तू कोणता सूर धरला व्हता?”

“ह्योच. मोहाकडचा.”

“आणि पोरं?”

“विहिरीकडं गेली.”

“मंग चुकलं कोण?”

जिवल्यानं भिंतीशी उभ्या केलेल्या तारप्याकडं बघितलं. सपनाला वाटलं, आता म्हणेल, पोरं चुकली.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “सूर बराबर व्हता. पण पोरं उलटी गेली आणि मी भ्यालो. वाटलं, एवढी सगळी एकीकडं जातात तर माझंच चुकलं असंल. मी सूर सोडला. त्यो सोडायला नको व्हता.”

सपनाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिनं बापासमोर येऊ दिलं.

प्रफुल्लनं घसा खाकरला. “बाबा, मग आपलं ठरलंय ते? चांगली जागा काढलीय बघा. समोरच. वरून लाइट सोडणार आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी तारपा बघेल.”

“येताना बघंल,” जिवल्या म्हणाला. “जाताना?”

“जाताना काय?”

“जाताना तुझ्या हाटेलातला माणूस तारप्याला पाठ दाखवूनच जाईल ना? दिवसाला किती जणं दाखवतील. तारप्याला पाठ नाय दाखवत आमी. नाय देत मी.”

प्रफुल्लनं धीरजकडं बघितलं. धीरज नेमका तेव्हा वायरी गुंडाळण्यात गुंतला होता. मग प्रफुल्ल हसला, मिठाईचा बॉक्स सपनाच्या हातात दिला आणि म्हणाला, चहा तरी घेऊन जातो. माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगितलं.

चहा करायला रखमाबाई उठल्या. स्वयंपाकघर त्यांच्या मागं होतं. त्या वळल्या असत्या तर हॉलच्या मध्याला पाठ झाली असती. त्यांनी क्षणभर विचार केला, मग पदर सावरून चार पावलं उलट्या चालत उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि उंबऱ्याला टाच लागून पडता पडता राहिल्या.

“ते शोकेस तेवढं आतल्या खोलीत घ्या,” त्या सावरत म्हणाल्या. “मधे येऊ लागलंय.”

सपनाच्या डोळ्यांना डोळा न देता त्या हे बोलल्या, आणि सपनानंही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढा मोठा किल्ला पडला की लगेच टाळ्या वाजवायच्या नसतात.

चहा होईपर्यंत जिवल्या उठला. भिंतीशी उभा केलेला तारपा त्यानं घेतला, लुगडं सोडलं, घडी करून खांद्यावर टाकलं. दुधीवरून हात फिरवला, मेण तपासलं, पिपाणीला जीभ लावून ओली केली. मग चालत हॉलच्या मध्यात, दोन स्पीकरच्या मधल्या त्याच जागेत जाऊन उभा राहिला, जिथून त्यानं प्रफुल्लला हटवलं होतं.

“डीजे येऊ दे पाड्यावर,” तो म्हणाला. “तो कडेला ठेवा म्हणावं. मध्ये मी हाय.”

आणि त्यानं फुंकलं. त्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये तारपा असा घुमला की शोकेसच्या काचा वाजायला लागल्या आणि वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यात येऊन “क्या चल रहा है” म्हणून विचारू लागलं. दार उघडंच होतं, सोफा पॅसेजमध्ये होता. रखमाबाई चहाचं पातेलं हातात धरून उंबऱ्यात आल्या आणि जिन्यातल्या त्या माणसाला म्हणाल्या, “दिवसाढवळ्या वाजू लागलंय. बसा की सोफ्यावर.”

सपनानं धीरजच्या कमरेत हात घातला. धीरजनं भीतभीत प्रफुल्लच्या. तिघांची ती वेडीवाकडी रांग म्हाताऱ्याभोवती फिरायला लागली, गोधडीच्या भिंतीवरून, पाटांना वळसा घालून, कडेकडेनं. दोन फेऱ्या नीट गेल्या.

मग जिवल्यानं सूर पालटला.

सपना बरोबर वळली. धीरज उलटा वळला. प्रफुल्ल त्याच्यावर आपटला, रांग ताणली, तुटायला आली. दोघंही म्हाताऱ्याकडं बघायला लागले, आता हा काय करतो म्हणून. जिवल्याचे गाल फुगलेलेच होते. त्यानं धीरजकडं रोखून बघितलं आणि तोच सूर धरून ठेवला, धीरज वळेपर्यंत.